रोजचा रस्ता आणि कॉशन ऑर्डर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायकलने कामावर जाणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्र मागच्या आठवड्यात आपण छापले होते. एकच रस्ता धरावा, तो पाठ होऊ द्यावा, म्हणजे कुठला खड्डा कुठे आहे हे न बघताही कळते आणि माणूस पडत नाही, असा त्यांचा सल्ला होता. खड्ड्यांवरचा त्यांचा राग सोळा आणे खरा आहे. सल्ला मात्र मला अजिबात पटला नाही, म्हणून हे पत्र. लांबले तर कात्री लावावी, पण शेवटची मागणी तेवढी ठेवावी ही विनंती.

मी रेल्वेत लोको पायलट होतो. आम्ही लागलो तेव्हा ड्रायव्हरच म्हणत, आणि घरात अजूनही तेच म्हणतात. निवृत्तीनंतर घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा भाच्याच्या दुकानात हिशेब बघायला जातो. दुकान नाना पेठेत, गाड्यांच्या स्पेअर पार्टचे. राहायला घोरपडी. सायकल बावीस इंची, काळी, मागे कॅरिअरला डबा बांधलेला. डॉक्टरांनी चालायला सांगितले होते, मी पायडल मारतो. त्यांची हरकत नाही.

आता मुद्द्याचे. पाठ झालेल्या रस्त्यावर माणूस बघत नाही. बघतोय असे त्याला वाटते, हँडल सरळ असते, ब्रेक वेळेवर लागतो, सिग्नलला पाय टेकतो. पण डोके दुसरीकडे असते. कामावर पोचल्यावर त्याला विचारा, पूलगेटचा सिग्नल हिरवा होता की लाल? सांगता येणार नाही. खड्डा पाठ होतो हो, पण खड्डा जागचा हलत नाही. रिक्षाचे दार रोज त्याच जागी उघडत नाही, आणि आईचा हात सोडवून पळणारे पोर वेळापत्रक लावून पळत नाही.

रेल्वेला हे फार पूर्वी कळले. रुळावर तर रस्ता बदलायची सोयच नाही. तेच पूल, तेच बोगदे, तीच स्टेशने, आणि रात्री सगळे सारखेच काळे. म्हणून इंजिनात एक यंत्र असते, व्हिजिलन्स कंट्रोल डिव्हाइस, आम्ही नुसते व्हीसीडी म्हणतो. साठ सेकंदांत तुम्ही काहीच केले नाही, म्हणजे नॉच (इंजिनाचा जोर कमीजास्त करायची पायरी) बदलला नाही, हॉर्न दिला नाही, ब्रेकला हात लावला नाही, तर दिवा लुकलुकायला लागतो. आणखी आठ सेकंद गेले की बझर. त्यानंतरच्या आठ सेकंदांतही दाद दिली नाही तर गाडी आपल्याआपण ब्रेक लावून उभी राहते. वाचायला छान वाटते. पण कुठल्याही लॉबीत, म्हणजे ड्रायव्हर ड्युटीची हजेरी लावतात तिथे, चहाच्या वेळी बसा आणि जुन्या ड्रायव्हरांना विचारा. पाय सवयीने त्या यंत्राला दाद द्यायचे पेडल दाबत राहतो, दिवा विझत राहतो, आणि डोके घरच्या लग्नाचा खर्च मांडत बसलेले असते. जागे राहावे म्हणून केलेले यंत्र, तेही अंगवळणी पडते. सायकलवाल्याचेही तसेच होते. रोजच्या कोपऱ्यावर त्याचा अंगठा आपोआप घंटी वाजवतो, आणि घंटी वाजवली म्हणजे बघितले असे त्याला वाटते.

म्हणून रेल्वेने यंत्रावर विसंबून न राहता दुसरी एक रीत ठेवली आहे. सिग्नल दिसला की असिस्टंट आणि ड्रायव्हर दोघांनी तो मोठ्याने पुकारायचा, हात दाखवून. रंग एकाने सांगायचा, दुसऱ्याने तोच परत म्हणायचा. जपानच्या रेल्वेतही ही बोट दाखवून बोलण्याची पद्धत जुनी आहे, तिथे तर फलाटावरचे कर्मचारीसुद्धा करतात. बाहेरून बघणाऱ्याला गंमत वाटते. पण तोंडाने म्हणायचे तर डोळ्यांना आधी बघावेच लागते. मी सायकलवरही पुकारतो. ‘डावीकडे टेंपो, माल उतरतोय.’ ‘समोर म्हातारबाबा, ऐकू येत नसावे.’ क्वार्टर गेटला एकदा शेजारच्या स्कूटरवरची मुलगी वळून म्हणाली, ‘काका, फोनवर बोलू नका ना चालवताना.’ तिला कानात काही नाही हे दाखवले, तर ती आणखीच घाबरली.

हे अभ्यासानेही दिसले आहे, माझ्या एकट्याच्या पदरचे नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाला प्रश्न पडला होता की रडारसमोर बसलेला जवान पाणबुडीची खूण का चुकवतो. नॉर्मन मॅकवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने त्यासाठी एक घड्याळ केले. त्याचा काटा एकेक घर पुढे सरके, आणि मधूनच कधीतरी एकदम दोन घरे उडी मारी. ती उडी पकडायची, एवढेच काम. पहिल्या अर्ध्या तासातच माणसे जास्त उड्या चुकवायला लागली. १९४८ साली त्याने हे प्रसिद्ध केले. अलीकडे, २०१३ मध्ये, कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर लोकांना बसवले. ज्यांना रस्ता ओळखीचा करून दिला होता, ते अचानक आडव्या आलेल्या माणसाला पाहून ब्रेक लावायला अनोळखी रस्त्यावरच्यांपेक्षा जास्त वेळ घेत होते. ओळखीच्या रस्त्यावर चालवणे सोपे जाते, आणि वाचलेले लक्ष भलतीकडे जाते. इथे पुण्यात सायकलीला सिम्युलेटर लागत नाही, नेहरू रस्ता पुरे आहे.

तर मी काय करतो ते सांगतो. घोरपडीतून नाना पेठेत जायला रस्ते पुष्कळ आहेत, आणि पुण्यात बहुतेकांच्या बाबतीत तसेच असते, आपण शोधत नाही. एक, एम्प्रेस गार्डनवरून रेसकोर्सच्या कडेने सोलापूर रस्त्याला लागायचे आणि पूलगेटवरून भवानी पेठेतून, रामोशी गेटकडून दुकान गाठायचे. हा मोठा रस्ता. पीएमटीच्या बस (पीएमपी म्हणायची मला अजून सवय नाही), ट्रक, आणि हडपसरहून येणारी सगळी दुनिया. इथे झोप लागायची बिशाद नाही, पण धूर खावा लागतो.

दुसरा, लष्कराच्या भागातून, दक्षिण मुख्यालयाच्या युद्धस्मारकाजवळून कॅम्पात. झाडी मोठी, गर्दी कमी. हाच मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो, कारण इथे काही होतच नाही. घाटाखालच्या सपाट सेक्शनवरही तसेच व्हायचे. पुढे ईस्ट स्ट्रीट लागला की बेकरीपुढची रांग रस्त्यावर आलेली असते आणि माणूस खाडकन जागा होतो. मोलेदिना रस्त्याने गेलो तर लाल देऊळ दिसते. डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेले ज्यूंचे प्रार्थनास्थळ, १८६७ साली पुरे झाले. इतकी वर्षे पुण्यात काढली पण त्याचा मनोरा नीट बघितला तो सायकलवरून, तेही नेहमीचे वळण सोडले म्हणून.

तिसरा जरा लांबचा. कोरेगाव पार्क, स्टेशन, मग मालधक्का चौक, नरपतगिरी चौक आणि केईएमवरून रास्ता पेठ. भाचा म्हणतो मामा, एवढा उलटा घास कशाला? मला मालधक्का चौकातून जायला आवडते, बस. याशिवाय पेठांमधल्या गल्ल्या आहेतच. डोके तालमीकडून गेलो तर एक अनुभव, अशोक चौकातून गेलो तर दुसरा. आमच्या नाना पेठेत दुकानांपुढे बंपर, सायलेन्सर, मडगार्ड फुटपाथवरून रस्त्यापर्यंत मांडलेले असतात, आणि सकाळी माल आला की हमाल पाटा-स्प्रिंग खांद्यावर घेऊन मागे न बघता वळतो. त्या लोखंडाचे टोक सायकलस्वाराच्या नेमके कपाळाच्या उंचीवर येते. एका गल्लीत हे उजवीकडून घडते, तर पलीकडच्या गल्लीत डावीकडून. मान दोन्हीकडे फिरती ठेवायला मला याहून बरा व्यायाम माहीत नाही.

आता रोज कुठला रस्ता घ्यायचा हे मी ठरवत नाही. ठरवायला गेलो की सोमवारी हा, मंगळवारी तो, असे वेळापत्रक होते आणि तेही पाठ होते. ते काम फाटकावर सोपवले आहे. घोरपडीकरांना फाटक म्हणजे काय हे सांगायला नको. पडलेले दिसले की वळलो, उघडे असले की गेलो. आयुष्यभर माझ्या गाडीसाठी लोक फाटकाशी तिष्ठत उभे राहिले, गेटमनच्या आणि माझ्या नावाने बोटे मोडली. आता ते फाटक माझ्याकडून वसुली करते.

रस्ता बदला म्हणजे वाटेल तिकडे घुसा असे मात्र मी म्हणत नाही, आणि इथे त्या भगिनींच्या म्हणण्यात तथ्य आहे. नव्या रस्त्यावरचे खड्डे माहीत नसतात. रेल्वेत ड्रायव्हरला नव्या सेक्शनवर थेट गाडी देत नाहीत. आधी त्याला रोड लर्निंग, आमच्या भाषेत एलआर, घ्यावे लागते. त्या सेक्शनच्या माहीतगार ड्रायव्हरबरोबर जायचे, सिग्नल कुठल्या बाजूला, चढ कुठे सुरू होतो, वळणानंतर काय आहे, हे बघायचे, आणि मग कागदावर सही करायची की हो, मला हा रस्ता कळला. पुढे त्या सेक्शनवर तीन महिन्यांहून जास्त खंड पडला तर पुन्हा एलआर. कितीही मुरलेला ड्रायव्हर असो. भोर घाट ज्याने बघितला आहे त्याला याचे कारण विचारावे लागत नाही. सदतीस फुटांना एक फूट चढ आहे तिथे. वर जाताना कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिने लावतात, आणि खाली येताना ठरलेल्या जागी गाडी उभी करून ब्रेक हाताशी आहे याची खात्री पटवल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. गाडी अनावर झालीच तर तिला चढावर घालून थोपवायला कॅच सायडिंग असते. घाटात ‘आपला नेहमीचाच रस्ता’ असे म्हणणाऱ्याबरोबर मी कधी ड्युटी केली नाही, आणि तसा कोणी भेटलाही नाही.

सायकलवाल्यानेही तसेच करावे. नवा रस्ता आधी रविवारी सकाळी बघून घ्यावा, घाई नसताना. झाकणे कुठली वर आलेली आहेत, शाळा कुठे आहे, कुठल्या गल्लीत गाईंना सकाळी बाजार भरल्यासारखे उभे राहायची हौस आहे. एकेरी रस्त्याची दिशा बघावी. मग कामाच्या दिवशी जावे. पावसाळ्यात नवे काही करू नये, पाण्याखाली काय आहे हे देवालाच माहीत. रात्रीही नको. माझी भाची कॉलेजात शिकवते, सायकलने जाते, संध्याकाळी उशिरा परत येते. तिला मी कधीच सांगणार नाही की आज अंधाऱ्या गल्लीतून ये. बाईमाणसाला दिव्याचा आणि वर्दळीचा रस्ता सोडून चालत नाही, त्यात तिची झोप लागो न लागो. ती सकाळी जाताना रस्ता बदलते, येताना तोच ठेवते. त्या पत्रलेखिकांचा सल्लाही कदाचित यातूनच आला असेल. तसे असेल तर माझे त्यांच्याशी भांडण नाही.

आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांचे सांगतो. सायकलस्वार पक्के, वर्षानुवर्षे एकाच रस्त्याने कारखान्यात जाणारे. एके रात्री कोणीतरी त्यांच्या रस्त्यावर गतिरोधक घातला. डांबराचा उंचवटा, रंग नाही, पट्टे नाहीत, अलीकडे पाटी नाही. सकाळी साडेसहाला अंधुक उजेडात ते नेहमीच्या वेगात आले. गळपट्टीचे हाड मोडले, डबा फुटपाथवर, उसळ रस्त्यावर. मी भेटायला गेलो तेव्हा ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, ‘अहो, काल नव्हता तो.’ रस्ता पाठ असणे त्यांना तिथे नडले. अनोळखी रस्ता असता तर त्यांनी हळू घेतले असते. पण दोष त्यांचा म्हणायला जीभ रेटत नाही. ज्या कुणी तो बांधला त्याला एक डबाभर पांढरा रंग मिळाला नाही, हे कसे?

आणि इथेच माझी मागणी आहे, संपादक महाराज.

ड्रायव्हर ड्युटीवर येतो तेव्हा गाडी ताब्यात घेण्याआधी त्याच्या हातात एक कागद पडतो. कॉशन ऑर्डर. अमुक किलोमीटरपासून तमुक किलोमीटरपर्यंत रूळ बदलण्याचे काम चालू, वेग एवढाच ठेवा. अमुक पुलावर तीसने जा. अमुक ठिकाणी माणसे काम करताहेत, हॉर्न द्या. गाडी रोजची असो, ड्रायव्हर रोजचा असो, कागद वाचून सही केल्याशिवाय गाडी हलत नाही. कारण काल रुळावर जे होते ते आज असेलच असे नाही, हे रेल्वेने गृहीत धरलेले असते. आणि सांगण्यासारखे काही नसेल तर ‘काही नाही’ असा कागद मिळतो. कागद मिळालाच नाही असे होत नाही.

पुण्यातले रस्ते रुळांपेक्षा कितीतरी वेगाने बदलतात. पाण्याची लाइन, ड्रेनेज, केबल, गॅस, मेट्रो, सगळे आळीपाळीने खोदतात. आज गाडगीळ पुलाकडे वाहतूक वळवली, उद्या दुसरीकडे. वाहतूक पोलीस मोठे बदल जाहीर करतात, आपणही छापता, पण ते मोर्चे, मिरवणुका आणि मोठ्या रस्त्यांपुरते असते. गल्लीतल्या चराची, रातोरात उगवलेल्या गतिरोधकाची, उघड्या चेंबरची बातमी कोणी पडल्याशिवाय होत नाही. चारचाकीला तो चर म्हणजे एक दणका. सायकलच्या पुढच्या चाकाला तो आख्खा गिळतो.

तर आपल्या वर्तमानपत्राच्या शहर पानावर, हवामानाच्या शेजारी, रोज एक छोटी चौकट द्यावी. नाव ‘कॉशन ऑर्डर’ ठेवा, नाहीतर आणखी काही. त्यात फक्त तीन गोष्टी असाव्यात. काल कुठले रस्ते खोदले, कुठे नवा गतिरोधक आला, कुठला रस्ता वा पूल बंद आहे. पाऊस वाढून खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल बुडतो, तेही तिथेच. मते नकोत, छायाचित्र नको, कोणाची प्रतिक्रिया नको. ज्या दिवशी काहीच नसेल (असा दिवस पुण्यात उजाडला तर) त्या दिवशी ‘काही नाही’ असे छापा. सकाळी चहाबरोबर माणूस ती चौकट वाचेल, आणि आज कुठून जायचे हे दाराबाहेर पडायच्या आधीच ठरवेल. रस्ता बदलायची सवय लागायला याहून साधा उपाय मला सुचत नाही.

आपले वार्ताहर गल्लोगल्ली फिरू शकत नाहीत हे समजते. पण आपले वाचक फिरतात. पेपर टाकणारी मुले तर पहाटे चारपासून सायकलवर असतात, आणि चर कुठे पडला हे पालिकेच्या आधी त्यांना कळते. त्यांच्याकडून माहिती घ्या, त्यांना त्याचे चार पैसे द्या. प्रत्येक पेठेतून एक दोन वाचक रात्री फोनवर कळवायला तयार होतील. खोडसाळपणा होईल अशी शंका असेल तर दोघांनी कळवलेलेच छापा, एकाने पुकारलेला सिग्नल दुसऱ्याने परत म्हणायचा, त्याच रीतीने.

घोरपडी, कॅम्प, भवानी पेठ आणि नाना पेठ एवढ्या पट्ट्याची माहिती रोज रात्री नऊच्या आत कळवायचे मी अंगावर घेतो. माझा फोन नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे, तो छापू नये. दुपारी दोन ते चार मात्र फोन करू नका, तेव्हा दुकानात मालाची आवक असते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त लोको पायलट,
घोरपडी, पुणे